आधी ग्लुकोज, मग बाकीचे: गरोदरपणातील साखर तपासणीबाबत पातूर तालुक्यातून मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, अकोला
मा. तालुका आरोग्य अधिकारी, पातूर
प्रत : तालुक्यातील सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रुग्ण कल्याण समित्या

विषय : गरोदर महिलांची साखर तपासणी नियमाप्रमाणे, पूर्ण वेळ देऊन आणि दोन्ही वेळा होण्याबाबत.

महोदय,

गरोदर बाईचे नाव नोंदवायचे, कार्ड भरायचे, नऊ तारखेला तिला तपासणीला आणायचे, कळा सुरू झाल्या की १०२ ला फोन लावायचा, ही आमची रोजची कामे. आम्ही पातूर तालुक्यातल्या आशा, गटप्रवर्तक आणि बचत गटांतल्या महिला. या कामांत साखरेची तपासणी सगळ्यांत सोपी दिसते आणि सगळ्यांत जास्त वेळा अर्धवट राहते. गोड पाणी पाजायचे, दोन तास बसवायचे, बोटातून थेंबभर रक्त घ्यायचे, एवढेच तर काम. पाणी मिळते, सुई मिळते. दोन तास मिळत नाहीत. खालच्या बहुतेक मागण्या त्या दोन तासांसाठी आहेत आणि त्यांतली पहिली पुरी करायला सरकारला एक रुपयाही लागत नाही.

नियम काय आहे ते आधी मांडतो, म्हणजे आम्ही पुस्तकाबाहेरचे काही मागतो आहोत असे कोणी म्हणू नये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१४ मध्ये गर्भकालीन मधुमेहाची राष्ट्रीय मार्गदर्शिका काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. तिच्याप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईची साखर तपासायची. मग ती जाड असो की सडपातळ, घराण्यात कोणाला शुगर असो की नसो. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत पाजायचे. बाई उपाशी आहे की जेवून आली, याने फरक पडत नाही. बरोबर दोन तासांनी साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाली, तर गर्भकालीन मधुमेह धरायचा. पहिली चाचणी नाव नोंदवायला येईल तेव्हाच. ती ठीक निघाली तर दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, मध्ये निदान चार आठवडे सोडून. बाई २८ आठवड्यांनंतरच पहिल्यांदा आली असेल तर एकदाच, आल्या दिवशी. पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजायचे. अर्धा तास उलटल्यावर झाली तर चाचणी तशीच पुढे चालू ठेवायची.

ही एका सुईची पद्धत चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून देशात रुजवली. त्यांच्या जन्मदिवशी, १० मार्चला, गर्भकालीन मधुमेह जागृती दिन पाळतात. उपाशी येण्याची अट काढण्यामागचा त्यांचा विचार पातूरला तर फारच लागू पडतो. ‘आज जा, उद्या उपाशी ये’ असे सांगितलेली बाई परत येत नाही. आलेगाव-चोंढीकडच्या वस्तीवरून ज्या बाईला आधी पायी, मग काळी-पिवळीने यायचे आहे, तिला उपाशीपोटी आणणे धोक्याचेही आहे. तेव्हा चाचणी गरिबाच्या सोयीची आहे. ती राबवण्याची पद्धत मात्र तशी नाही.

आता प्रत्यक्षात काय होते ते. केंद्राचे नाव आम्ही घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणचे नाही. बाई पावणेअकराला पोचते. आधी केसपेपरची रांग, मग वजन, मग बीपी. डॉक्टर साहेब मीटिंगहून यायचे असतात, त्यांची वाट. ते तपासतात, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या लिहितात, रक्त-लघवी सांगतात. या सगळ्याच्या शेवटी सव्वाबाराला कोणाच्या तरी लक्षात येते की साखरेची राहिली. तेव्हा ग्लुकोज पाजले तर दोन तास सव्वादोनला पुरे होणार. तोवर ओपीडी आटोपते, लॅबवाले दादा जेवायला जातात, बाईसोबत आलेल्या सासूचा जीव गाडीकडे लागतो. मग दोन वाटा उरतात. एक तर ‘पुढच्या महिन्यात पाहू’, किंवा दीडलाच सुई टोचून मोकळे होणे. सव्वा तासाला घेतलेली साखर चढलेलीच असणार. त्यावर बाईला विनाकारण मधुमेहाचा शिक्का बसतो. उलट कधी गर्दीत अडीच-पावणेतीन तास होऊन जातात, तेव्हा साखर उतरलेली असते आणि जिला खरोखर आजार आहे ती सुटते. कार्डावर दोन्ही वेळा आकडा सारखाच ठळक दिसतो. वेळ कोणी लिहीत नाही.

म्हणून पहिली मागणी : गरोदर बाई दवाखान्यात आली की सर्वांत आधी ग्लुकोजचे पाणी द्यावे. केसपेपर नंतर, वजन-बीपी नंतर, डॉक्टरांची तपासणीही नंतर. ती सगळी कामे त्या दोन तासांतच होऊन जातात. कार्डावर पाणी दिल्याची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ, दोन्ही लिहाव्यात. नऊ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, दारातच एका टेबलावर ग्लुकोज आणि मापाचा ग्लास, आणि समोर भिंतीवर घड्याळ असावे. एवढा बदल आदेशाच्या एका ओळीने होतो.

दोन तास बसायचे तर बसायला जागा हवी. सातव्या महिन्याची बाई फरशीवर भिंतीला टेकून बसते, पाठ अवघडली की व्हरांड्यात येरझारा घालते, कंटाळून समोरच्या टपरीवर चहा घेते; गेली चाचणी. बाक, पंखा, प्यायचे पाणी आणि आतून कडी लागणारे संडास, या चार गोष्टी रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून होऊ शकतात. सुई झाल्यावर लगेच खायला काहीतरी मिळावे. गोड बिस्किटाचा पुडा नको. उसळ-भाकरी किंवा फुटाणे चालतील. सोबतच्या लेकराला सांभाळायला त्या दिवशी अंगणवाडीच्या मदतनीस ताई दोन तास देतील का, याचा विचार व्हावा. आमचा अनुभव असा की बाई दोन तास बसत नाही याचे कारण निम्म्या वेळा ते लेकरू असते.

दुसरी मागणी : काय होणार आहे ते बाईला आदल्या दिवशी कळले पाहिजे. सध्या ती येते तेव्हा तिला एवढेच ठाऊक असते की ‘रक्त काढतात’. गोड पाण्याचा ग्लास पुढे आला की ती बिचकते. कोणी सांगितलेले असते की हे पाणी प्यायल्यानेच शुगर होते. ग्लुकोज खूप गोड लागते, पहिल्या महिन्यांत तर मळमळ होतेच. अर्धा ग्लास प्यायचा आणि उरलेला हळूच मोरीत ओतायचा, हेही आम्ही पाहिले आहे. दोष तिचा नाही. उद्या येणाऱ्या बाईला आम्ही आज जे सांगतो ते इथे देत आहोत. हाच मजकूर छापून किंवा आवाजात भरून मोबाईलवर पाठवावा.

‘बाई, उद्या साखरेची तपासणी हाय. उपाशी येऊ नोको, जेवून येजो. गेल्या गेल्या एक गिलास गोड पाणी देतीन. लय गोड लागते, मळमळ होईन, पण हळूहळू पाच-दहा मिनिटांत सारं पेजो. मंग दोन घंटे बसा लागते. तेवढ्यात काही खाऊ नोको, चहा बी नोको. साधं पाणी चालते. बजारात जाऊ नोको. उलटी झाली त लपवू नोको, सिस्टरले सांगजो. मंग साबणानं हात धुऊन बोटाले एक सुई. आकडा निघन तो कार्डावर लिहून घेजो. १४० च्या खाली असन त सहाव्या-सातव्या महिन्यात अजून एक डाव. वर निघाला त घाबरू नोको. तुह्या हातून काही पाप झालं असं नाही. तेच्यावर विलाज हाय.’

हा मजकूर प्रमाण मराठीत करून पत्रकावर घालू नका, ही विनंती. पत्रके आमच्याकडे पुष्कळ पडून आहेत.

यातले साबणाचे वाक्य आम्ही मुद्दाम घातले आहे. ग्लुकोजची पूड ढवळताना बोटांना लागते, ग्लासाची कड चिकट असते. त्याच बोटाला सुई टोचली की यंत्र रक्ताबरोबर बोटावरची साखरही मोजते आणि आकडा फुगतो. स्पिरिटचा कापूस फिरवून ती साखर पुरती जात नाही. साबण आणि पाणी लागते. हात नीट कोरडे करायला स्वच्छ कापडही लागते. पाच-दहा रुपयांची गोष्ट आहे, पण प्रत्येक उपकेंद्रात असेलच असे नाही.

यंत्राबद्दल आमचे म्हणणे जरा सविस्तर ऐकून घ्यावे, कारण त्यात वऱ्हाडच्या उन्हाचा भाग आहे. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतात. बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या खाली ठेवा असे छापलेले असते. अकोल्याचा पारा एप्रिल-मेमध्ये ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या उपकेंद्रात दुपारी आत काय होत असेल याचा अंदाज करावा. गावभेटीला जाताना पट्ट्यांची डबी गाडीच्या डिकीत असते, तिथे तर भट्टीच. अशा पट्टीवर आलेला १३२ किंवा १५१ हा आकडा बाईचा की उन्हाचा, हे कोण सांगणार? आमची मागणी अशी : पट्ट्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लस साठवणुकीच्या थंड जागेत ढकलू नयेत, तिथला गारठा आणि दमटपणाही त्यांना मानवत नाही, तालुक्याच्या ठिकाणी वातानुकूलित खोलीत ठेवून महिन्याच्या गरजेपुरत्याच द्याव्यात. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. यंत्र प्लाझ्माच्या मापाने आकडा देणारेच असावे. मार्गदर्शिकेत दर २० चाचण्यांनंतर यंत्र पडताळायला सांगितले आहे. त्याची वही ठेवावी आणि ती वैद्यकीय अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा पाहावी.

जिथे शिरेतून रक्त घेऊन ते लॅबला पाठवतात तिथे वेगळी अडचण. काढलेल्या रक्तातल्या पेशी नळीतही साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरते, उन्हात आणखी. सकाळी ती १४६ असली तर तासाभरात १३७ च्या आसपास येऊ शकते. म्हणजे गाडी अकोल्याला पोचेपर्यंत बाई ‘नॉर्मल’. त्यासाठी फ्लोराइडची, करड्या झाकणाची नळी असते. ती संपली असेल तर नमुना पाठवू नये, जागेवर ग्लुकोमीटरने तपासावे.

ग्लुकोजचे मापही अंदाजपंचे नको. दुकानातला शंभर ग्रॅमचा पुडा आणून ‘पाऊण पुडा’ ओतणे ही चाचणी नव्हे. शिवाय पुडीतले ग्लुकोज पाण्याचा अंश असलेले असेल तर ७५ ग्रॅमऐवजी ८२.५ ग्रॅम घ्यावे लागते. मोजून बंद केलेल्या पुड्या पुरवाव्यात.

आता दुसऱ्या चाचणीकडे येतो. पहिल्या चाचणीत ठीक निघालेली बाई आम्हाला म्हणते, ‘आता काऊन पुन्हा? मागंच केली ना.’ तिला सांगावे लागते की वार जसजशी वाढते तसतसे तिच्यातून निघणारे पदार्थ आईचे शरीर इन्सुलिनला जुमानेनासे करतात, आणि हा जोर सहाव्या महिन्यापासून वाढत जातो. म्हणून खरी परीक्षा २४ आठवड्यांनंतरची. नेमक्या याच सुमारास आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. सातव्या महिन्यात ओटी भरली की ती निघाली. सासरच्या आशाकडे तिचे कार्ड ‘स्थलांतरित’, माहेरच्या आशाला ती आलेली माहीत नाही, तिची दुसरी चाचणी दोघींच्या मधल्या रस्त्यावर हरवते. ज्यांचे हे आठवडे दिवाळीच्या आगेमागे येतात त्यांची आणखी एक अडचण : तेव्हा आधी सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. चाचणीला गेलेला दिवस म्हणजे त्या दिवसाचे पैसे शून्य.

तिसरी मागणी म्हणून अशी : नाव नोंदवताच कार्डाच्या पहिल्या पानावर दुसऱ्या चाचणीच्या दोन तारखा लिहाव्यात. शेवटच्या पाळीच्या तारखेत १६८ दिवस मिळवले की २४ आठवडे होतात, १९६ मिळवले की २८. या दोन तारखांच्या मध्ये बाई कुठे असेल, हे तिलाच विचारावे. तिला बरोबर माहीत असते. माहेरी असेल तर माहेरच्या गावच्या सिस्टरला फोन करून नाव सांगण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवून द्यावे. आम्ही ती घ्यायला तयार आहोत, पण तालुक्याबाहेरच्या, जिल्ह्याबाहेरच्या उपकेंद्रांचे नंबर आम्हाला मिळत नाहीत. वेचणीच्या हंगामात तालुक्यातल्या मोठ्या गावांत महिन्यातून एक दिवस सकाळी आठला चाचणी सुरू करावी, म्हणजे दहापर्यंत बाई मोकळी होऊन निम्मा दिवस तरी वाचेल.

‘आमची सून काडीपैलवान आहे, तिला कुठून शुगर?’ हा प्रश्न घरोघरी येतो, आणि काही वेळा दवाखान्यातूनही येतो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पुण्याकडच्या बाळांचे वजन कमी भरले ते स्नायूंत. त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आत चरबी, ही आपल्या माणसांची घडण जन्मापासून असते. तेव्हा सडपातळ बाईला तपासणीतून वगळू नये. बाळ चार किलोचे झाले नाही म्हणजे आईला साखर नव्हतीच, असेही धरू नये. मार्गदर्शिकेतच भारतात हे प्रमाण १० ते १४.३ टक्के असल्याचे म्हटले आहे. ज्या केंद्राच्या अहवालात वर्षभरात एकही बाई सापडत नाही तिथे आजार नाही असे समजण्याआधी घड्याळ, पट्ट्या आणि पुड्या पाहाव्यात.

खासगी लॅबचा घोळ एकदाचा सोडवावा. पातूरला सरकारी दवाखान्यात १४६ निघालेली बाई घाबरून अकोल्याला जाते, तिथे तिला उपाशी बोलावून तीनदा सुया टोचतात आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येते. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नसते. तिथली मोजपट्टी वेगळी : उपाशी ९२, एका तासाला १८०, दोन तासांना १५३. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ती स्वीकारली. तिच्यामागे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला नऊ देशांतल्या २३ हजारांवर बायकांचा अभ्यास आहे. त्या अभ्यासात असे दिसले की आईची साखर जसजशी वाढते तसतसा धोका वाढत जातो. कुठे एका आकड्यावर तो अचानक सुरू होत नाही. म्हणजे १४० ची रेघ काय, १५३ ची काय, दोन्ही माणसांनीच ओढलेल्या. उपाशी न राहता केलेल्या चाचणीत काही बायका सुटतात, असे म्हणणारे तज्ज्ञ भारतातही आहेत. त्यांचा वाद त्यांनी घालावा. पातूरच्या बाईच्या हातात दोन कागद देऊन ‘तूच ठरव’ म्हणू नये. कोणत्याही एका मोजपट्टीने जी बाई वर निघेल तिच्यावर आहार आणि पुढची तपासणी सुरू करावी, अशी लेखी सूचना तालुक्यातल्या सरकारी आणि खासगी सर्व डॉक्टरांना जावी. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, हा या चाचणीला पर्याय म्हणून कोणी विकू नये. रक्तक्षय आणि सिकलसेल या दोन्हींमध्ये तो आकडा फसवतो, आणि विदर्भात या दोन्हींची वाण नाही.

आकडा वर निघाल्यानंतर सुरू होतो तो भाग आम्हाला सगळ्यांत जड जातो. कार्डावर पिवळा स्टिकर लागतो, घरात चर्चा होते, ‘आमच्या घराण्यात कोणाले नाही’ असे सासरचे म्हणतात, बाई रडते. कोणी सांगते आता जन्मभर सुया, कोणी सांगते सिझरच. म्हणून निदानाचे शब्द कोण बोलणार आणि कसे, हे ठरलेले असावे. रांगेत सगळ्यांसमोर ‘तुला शुगर आहे’ असे ओरडून सांगू नये. आणि जे खरे आहे ते सांगावे : बहुतेक बायकांचे आहार आणि चालण्यावरच भागते. ऑस्ट्रेलियात हजार बायकांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार, साखरेवर लक्ष आणि गरजेपुरते इन्सुलिन एवढ्याने बाळांवरची गंभीर संकटे ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली.

आहाराचा कागद मात्र आमच्या स्वयंपाकघरात बसणारा हवा. मागे एकीला मिळालेल्या कागदावर ओट्स, ब्राऊन ब्रेड आणि सफरचंद होते. घरात ज्वारी होती, तूर होती, अंबाडी-मेथी होती. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मोडाची उसळ, पालेभाजी, ताक, परवडेल त्याला अंडे. दोन मोठ्या जेवणांऐवजी तीन बेताची जेवणे आणि मध्ये थोडे खाणे. चहातली साखर बंद. उपासाचा साबुदाणा बंद, कारण तो निव्वळ पिष्ट. ‘दोन जिवांचं खा’ म्हणून ताटात वाढलेला दुसरा भात कसा नाकारायचा, हे सुनेला सांगून उपयोग नाही, सासूला बोलावून सांगावे. अंगणवाडीतून घरपोच मिळणाऱ्या आहारात गोडाची पाकिटे येतात तेव्हा या बायकांना त्याऐवजी कडधान्य देण्याची सोय व्हावी. नाहीतर एका खात्याने बंद केलेली साखर दुसरे खाते घरी आणून देते.

दोन आठवड्यांच्या आहारानंतर जेवणापासून दोन तासांनी साखर पाहायची असते. १२० च्या खाली असली तर आहारच पुढे चालू, १२० किंवा वर असली तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन. ही तपासणी मग दर पंधरा दिवसांनी आणि शेवटच्या महिन्यांत दर आठवड्याला. इतक्या खेपा तालुक्याला किंवा अकोल्याला कोणी करणार नाही. चौथी मागणी : ही जेवणानंतरची तपासणी गावच्या उपकेंद्रातच व्हावी, आणि औषध कधीही ‘बाहेरून आणा’ म्हणून लिहू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून गरोदर बाईला तपासण्या आणि औषधे मोफत आहेत. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांतले उपचारही मोफत केले. इन्सुलिन लागणाऱ्या बाईच्या घरी फ्रिज नसेल तर तिची कुपी उपकेंद्राच्या जवळच्या ज्या घरी किंवा केंद्रात ठेवता येईल ती जागा सिस्टरने ठरवून द्यावी. अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात किंवा सर्वोपचार रुग्णालयात रेफर करताना चिठ्ठीवर आतापर्यंतचे सगळे आकडे, वेळांसह लिहावेत. तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते याचे कारण बहुधा कोरी चिठ्ठी असते.

बाळंतपणानंतरच्या दोन गोष्टी थोडक्यात. अशा आईच्या बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते. त्याला पहिल्या तासात आईचे दूध आणि टाचेतून साखर तपासणी हवी. मध किंवा गुळाचे पाणी चाटवायला कोणाला देऊ नये. प्रसूतिगृहात ग्लुकोमीटर चालू स्थितीत असावा. आणि सहा आठवड्यांनी आईची ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची असते, ती आम्ही झालेली फारच क्वचित पाहतो. बाळ हाती आले, साखर विसरली. गर्भकालीन मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सात पट असतो, असे २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित अभ्यासात दिसले. सव्वा महिना संपतो आणि बाळाचा दीड महिन्याचा डोस येतो, तो नेमका याच वेळी. लसीकरणाच्या त्याच सत्रात आईला उपाशी बोलावून तिची चाचणी करावी. ही एकच चाचणी अशी की जिला उपाशी यायचे, हे तिला आठवणीने सांगू. दोन तासांनी २०० किंवा वर आली तर मधुमेह, १४० ते १९९ मध्ये आली तर सावध राहायचे.

शेवटची मागणी हिशेबाची. प्रत्येक आरोग्य केंद्राने दरमहा तीनच आकडे फळ्यावर लिहावेत : पहिली चाचणी किती जणींची झाली, दुसरी किती जणींची, आणि बाळंतपणानंतरची किती जणींची. पहिला आकडा चांगला असेल याची आम्हाला खात्री आहे. पुढचे दोन पाहिल्यावर चर्चा आपोआप होईल.

आमच्या मोबदल्याच्या आणि थकीत पैशांच्या मागण्या वेगळ्या पत्रात आहेत. त्या इथे मिसळलेल्या नाहीत, त्यामुळे हे पत्र ‘पैशांसाठी’ म्हणून बाजूला ठेवू नये. पहिल्या मागणीचा आदेश, म्हणजे ‘आधी ग्लुकोज’ एवढा, येत्या नऊ तारखेच्या आत निघावा. बाकीच्या मागण्यांसाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आमच्यापैकी सात जणींबरोबर बैठक घ्यावी आणि उत्तर लेखी द्यावे. बैठक नऊ तारखेला ठेवू नका, त्या दिवशी आम्ही तपासणीत असतो. मंगळवारी लसीकरण असते. बाकी कोणत्याही दिवशी सकाळी अकरानंतर येतो.

आपल्या,
पातूर तालुक्यातील आशा, गटप्रवर्तक व बचत गटांच्या महिला
(सह्यांची यादी सोबत)